सावलीतली सीट

कलिंगडाच्या त्या शेतात सावली एवढीशीच होती, आणि तिच्यात दाजी बसायचे.

शेत नजर पोचेपर्यंत सपाट. झाडाखाली वेल नीट धरत नाही म्हणून मालकाने होती नव्हती ती झाडं कधीच काढून टाकली होती. वेलींच्या सऱ्यांमधून ट्रॅक्टर मुंगीच्या पावलांनी चालायचा. त्याच्यामागे ट्रॉली, आणि ट्रॉलीच्या एका अंगाला माणसांची लांबलचक आडवी रांग. कापणारे पुढे जाऊन फळावर टिचकी मारून बघत आणि पिकलेल्याचे देठ कापून ठेवत. मग रांगेच्या टोकाचा माणूस फळ उचलून शेजारच्याकडे फेकायचा, शेजारचा पुढच्याकडे, असं हवेतून हातोहात येत ते ट्रॉलीपाशी पोचायचं. ट्रॉलीपाशी जो उभा असेल त्याची खरी कसोटी. आलेलं प्रत्येक फळ झेलायचं आणि स्वतःच्या डोक्यावरून वरच्या माणसाकडे भिरकावायचं. मागून दुसरं सुटलेलंच असतं. दम खायला उसंत नाही.

दाजी ट्रॅक्टर चालवायचे. वर पत्र्याचं छप्पर होतं, तेवढी ती सावली. तरुणपणाची कितीतरी वर्षं रांगेत काढून त्यांनी ती जागा मिळवली होती. वर बसल्यापासून यांचं पोट सुटलं आणि आवाज चढला, असं त्यांची बायको म्हणायची. रांग जरा रेंगाळली की दाजी हॉर्न वाजवत. रागाने नव्हे, सवयीने.

त्यांना दाजी म्हणण्याचा अधिकार खरं तर एकट्या मेव्हण्याचा. पण तो दिवसभर ट्रॉलीपाशी उभा राहून "दाजी, झोपलात की काय? घ्या पुढे!" असा ओरडायचा, म्हणून सगळी टोळीच त्यांना दाजी म्हणायला लागली. रांगेतल्या काकू त्यांच्यापेक्षा वयाने मोठ्या, त्यासुद्धा. "जगाचा दाजी झालात, आता बहिणी तेवढ्या मोजत बसा," असं वर चिडवायच्या.

आणि मेव्हण्याचं नाव होतं इंजिन. आईबापांनी ठेवलेलं दुसरं होतं, पण ते आता त्याच्या बहिणीलाच आठवत असेल. ट्रॉलीपाशी इतका वेळ टिकणारा दुसरा गडी टोळीत नव्हता. रांगेतल्या माणसांची पाळी बदलायची, इंजिनची नाही. मुकादम नव्या माणसांना त्याच्याकडे बोट दाखवून सांगायचा, "असं काम पाहिजे." हे ऐकलं की इंजिन आणखी जोरात फेकायचा. कौतुकाचं व्यसन दारूपेक्षा वाईट, त्याला उताराही नसतो.

पाण्याचा ड्रम होता, पण रस्त्याकडेला, शेताच्या पार टोकाला. रांगेतून एक माणूस पाण्याला गेला की तिथे खिंडार पडतं आणि शेजारच्या दोघांना लांब फेकावं लागतं. त्यामुळे सहसा कोणी जायचं नाही. "कलिंगडाच्या शेतात तहानेने कोण मेलंय?" हा मुकादमाचा ठरलेला विनोद होता आणि सगळे ठरल्यासारखे हसायचे. काकू तर भर उन्हातही ओठ ओले करण्यापुरतंच पाणी घ्यायच्या. त्यांचं कारण वेगळं. "प्यायलं की जावं लागतं," त्या म्हणायच्या, "आणि जायचं कुठे? आडोसा म्हणून एक झुडूप दाखवा, मग घागरभर पिते."

इंजिनला कोल्ड्रिंकची बाटली लागायची. त्याने तहान जाते, तरतरी येते, असं त्याचं मत. आणि त्याच्याबरोबर कमरेची गोळी. फाट्यावरच्या दुकानात वेदनेच्या गोळ्यांची पाकिटं मिळत. सकाळी एक, दुपारी एक, जास्तच दुखलं तर आणखी एक. शेंगदाणे खावेत तशा तो त्या खायचा.

त्या उन्हाळ्यात त्याचं जेवण कमी झालं. बहिणीच्याच घरी, मागच्या खोलीत तो राहायचा, त्यामुळे न संपता परत आलेला डबा तिच्या नजरेतून सुटत नव्हता. एका सकाळी ती म्हणाली, "तोंड बघ तुझं आरशात. सुजलंय."

"झोप जास्त झाली, ताई."

"तुझी? रात्रभर पायात गोळे येऊन ओरडत होतास, ते काय घोरणं होतं?"

इंजिनने हसण्यावारी नेलं. त्याच दिवशी शेतात बांधाकडे जाऊन आल्यावर तो दाजींना म्हणाला, "दाजी, आजकाल मला चहा प्यायला नको, तो आतच तयार होतो." दाजींना विनोद कळला. त्यामागचं कळलं नाही. लघवीचा रंग बदललाय म्हणजे उष्णता झाली असेल, उन्हाळ्यात सगळ्यांनाच होते, असं त्यांनी धरलं.

मग तो दिवस आला. वाऱ्याचा मागमूस नव्हता. अंगाची लाही लाही होत होती आणि रस्त्यावर मालाच्या गाड्या खोळंबल्या होत्या. मुकादम ट्रॅक्टरपाशी येऊन नुसता हात हलवून गेला, आणि दाजींनी वेग किंचित वाढवला. थोड्या वेळाने मागे एक फळ फुटल्याचा आवाज आला. फळं फुटतातच, त्यांनी लक्ष दिलं नाही. लगेच दुसरं फुटलं. त्यांनी आरशात पाहिलं. इंजिन दोन्ही हात पुढे धरून उभा होता आणि कलिंगडं त्याच्या हातांमधून जाऊन मातीत पडत होती, जणू त्याला ती दिसतच नव्हती. मग तो गुडघ्यांवर बसला, अगदी सावकाश, काहीतरी शोधायला बसल्यासारखा.

दाजींनी ट्रॅक्टर बंद करून उडी मारली. इंजिनचं अंग तव्यासारखं तापलं होतं आणि घामाचा टिपूस नव्हता. तो आईशी बोलत होता. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

"ट्रॉलीखाली घ्या, सावलीत!" काकू ओरडल्या. त्यांनीच विळ्याने त्याचा सदरा फाडला, कोणीतरी धावत जाऊन ड्रममधलं पाणी आणलं, ते त्याच्यावर ओतलं, ओल्या टॉवेलांनी वारा घातला. मुकादमाने आपली छोटी गाडी थेट वेलींवरून शेतात घातली. दाजी मागे इंजिनचं डोकं मांडीवर घेऊन बसले आणि गाडी सरकारी दवाखान्याकडे सुटली.

दवाखान्यातल्या डॉक्टर वयाने लहान होत्या, पण बोलायला ठाम. आधी त्यांनी त्याला गार करायच्या मागे सगळ्यांना लावलं. मग दाजींना विचारलं, "लघवीला कधी गेला होता?"

दाजींना सांगता येईना. ट्रॅक्टरचं डिझेल कधी भरलं ते त्यांनी झोपेतही सांगितलं असतं.

दाजींची बायको येईपर्यंत रक्ताची तपासणी झाली होती. डॉक्टरांनी दोघांना बाकावर बसवलं आणि सोप्या भाषेत समजावलं. उन्हात राबून शरीरातलं पाणी आटलं, उष्णतेने आणि श्रमाने स्नायूंची मोडतोड झाली, आणि तो सगळा गाळ किडनीत जाऊन बसला. "पण हे आजचं एकट्याचं नाही," त्या म्हणाल्या. "किडनी आधीच दमलेली आहे. गेले काही उन्हाळे रोज थोडी थोडी मार खातेय. त्यात वेदनेच्या गोळ्या. त्या कमरेला आराम देतात आणि किडनीचा घास घेतात."

"पण त्याने कधी किडनी दुखते असं म्हटलं नाही," दाजी म्हणाले.

"ती दुखत नाही. हीच तर पंचाईत आहे. बरंच काम संपेपर्यंत ती गप्पच असते."

इंजिनचं रक्त काही दिवस मशीनवर धुवावं लागलं. त्याच्या खाटेला लटकवलेली लघवीची पिशवी कोरडीच होती, आणि दाजींची बायको उतू जाणाऱ्या दुधावर ठेवावी तशी तिच्यावर नजर ठेवून बसायची. एका दुपारी तिच्यात थोडं पिवळट पाणी उतरलं. बाई अशी काही उठली, की शेजारच्या खाटेवरच्या म्हातारबुवांना वाटलं, मुलगाच झाला.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाल्या, "किडनी निम्म्यापेक्षा थोडी कमी उरली आहे. गेलेली परत येणार नाही. उरलेली जपली तर पुष्कळ वर्षं पुरेल. वेदनेची गोळी बंद. कोल्ड्रिंक बंद. पाणी आणि मीठ किती ते प्रत्येक तपासणीला मी सांगेन. आणि उन्हातलं कष्टाचं काम बंद."

"मग करू काय?" इंजिनने विचारलं.

डॉक्टरांनी कागदावरचं पेन उचललं. "ते मला लिहून देता आलं असतं तर आधी तेच लिहिलं असतं," त्या म्हणाल्या.

घरात इंजिन म्हणजे पिंजऱ्यातला वाघ. त्याने गळणारा नळ दुरुस्त केला, न गळणाराही खोलला. बहिणीच्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले आणि तिच्या शिव्या खाल्ल्या. पॅकिंग शेडमध्ये काम मिळतं का ते दाजींनी पाहिलं. त्यांची बायको तिथेच कामाला होती. पण तिथे माणसं भरलेली होती, आणि पत्र्याखाली ती शेड म्हणजे भट्टीच. आगीतून फुफाट्यात जायचं तर घरात बसलेलं काय वाईट?

एका सकाळी दाजी शेतावर पोचले तर इंजिन त्यांच्या आधीच ट्रॉलीपाशी उभा. पायात बूट, हातात मोजे. चेहरा अजून मेणासारखा.

"कोणी बोलावलं तुला?"

"मीच आलो. घरी बसून मरायचं ते इथे."

मुकादम लांबून म्हणाला, "येतो म्हणतो तर येऊ दे ना. ट्रॉलीपाशी माणूस नाहीच आपल्याकडे."

दाजी सीटवर चढले. किल्ली फिरवायला हात पुढे केला आणि तसेच बसून राहिले. आरशात इंजिन दिसत होता, नेहमीसारखा पाय रोवून उभा. रांग वाट बघत होती. दाजी खाली उतरले, मागे गेले, इंजिनच्या हातातले मोजे काढून घेतले.

"वर बस."

"कुठे वर?"

"माझ्या डोक्यावर! सीटवर बस, आणखी कुठे?"

"मला कुठे येतो ट्रॅक्टर?"

"गेल्या वर्षी अंगणात फिरवून कोंबड्यांचं खुराडं कोणी पाडलं होतं? इथे तर पाडायलाही काही नाही. सरळ न्यायचा, हळू न्यायचा. मला आला, मग तुला न यायला काय झालं?"

रांग हसली. इंजिन हसला नाही. त्याचे डोळे भरले होते, ते कोणाला दिसू नयेत म्हणून तो घाईने वर चढला. ट्रॉलीपाशी एक धिप्पाड कापणारा आला आणि दाजी रांगेत काकूंच्या शेजारी उभे राहिले.

संध्याकाळी बायकोने ऐकलं आणि हातातलं काम खाली ठेवलं. भावासाठी ती खूश होईल असं दाजींना वाटलं होतं. ती म्हणाली, "अहो, एकाला उन्हातून उचललंत आणि दुसऱ्याला उन्हात ठेवलंत. माझी माणसं दोन आहेत, म्हणून एक उन्हाला देऊन टाकला का?"



ट्रॅक्टरवरून शेत सोपं दिसायचं. सरी सुरू होते, सरी संपते. रांगेतून सरीला टोकच नव्हतं. वरून कलिंगड हिरवं आणि गोल असतं. खाली ते सकाळी मांजराच्या पिल्लाइतकं हलकं येतं नि दुपारपर्यंत दगड होतं. दाजींच्या खांद्यांनी पहिल्याच दिवशी असहकार पुकारला. "उंटावरून शेळ्या हाकत होतो इतकी वर्षं," ते काकूंना म्हणाले.

"आता शेळी झालात," काकू म्हणाल्या. "सांभाळा, उंट उधळलाय."

खरंच उधळला होता. इंजिनने ट्रॅक्टर शिकायला वेळ लावला नाही, पण चालवायचा तो स्वतःच्या वेगाने. रांग मागे पडली की हॉर्न. मान वळवून आरोळी, "अरे चला ना!" दाजींना आपलाच हॉर्न ऐकताना कानात कोणी काडी घालतंय असं वाटायचं.

"हा कोणासाठी पळवतोय?" ते धापा टाकत म्हणाले.

"स्वतःसाठी," काकू म्हणाल्या. "त्याला वाटतंय, खाली अजून तोच उभा आहे."

काही दिवसांत दाजींच्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले. दुपारी डोळ्यांसमोर काजवे चमकायचे. एकदा बांधाकडे गेले आणि मातीवरचा रंग बघून त्यांना इंजिनचा चहाचा विनोद आठवला. घरी सांगितलं नाही. पण पलंगाच्या कडेला बसून ते पोटऱ्या चोळत होते, ते बायकोने पाहिलं. दुसऱ्या सकाळी तिने त्यांच्या हातात एक मोठा कॅन दिला. पाणी, लिंबू, मीठ आणि चिमूटभर साखर. "रिकामा आणायचा," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी कॅन जवळजवळ भरलेलाच परत आला.

"प्यायचं होतं की मिरवायचं होतं?"

"अगं, वेळ कुठे असतो? रांग थांबत नाही."

"थांबवणारा कोण असतो तिथे?"

"वर बसलेला."

"आणि इतकी वर्षं वर कोण बसलं होतं?"

बायकोने टोमणा मारला नव्हता, साधं विचारलं होतं, म्हणून ते दाजींना जास्त लागलं. मग तिनेच विषय पुढे नेला. "मी आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना भेटून आले. त्या म्हणाल्या, दवाखान्यात असे कितीतरी येतात. ऊस तोडणारे, भाज्या काढणारे, सगळे शेतातलेच. पाणी, सावली आणि मधूनमधून बसणं, एवढं मिळालं तरी बरेच वाचतील. यात औषध कुठलंच नाही हो. मग ते तुम्हाला मिळत का नाही?"

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा दाजींनी हाक दिली, "इंजिन, थांबव जरा."

"गाडी उभी आहे, दाजी! मुकादम बघतोय!"

आलेलं कलिंगड दाजींनी झेललं, हळूच मातीत ठेवलं आणि त्याच्याशेजारी बसले. काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे, आणि "देवा, गुडघे!" म्हणत त्याही बसल्या. पुढचा बसला. त्याच्या पुढचा बसला. ट्रॅक्टर मात्र रिकाम्या हवेत तसाच चालत राहिला, हॉर्न वाजवत, एकटाच. बरंच पुढे गेल्यावर इंजिनने मागे पाहिलं. मग यंत्र बंद झालं आणि शेतात एकदम शांतता पसरली.

तो चालत आला तेव्हा चिडलेला होता. दाजींच्या जवळ येऊन तो थबकला. दाजींचा चेहरा लालबुंद होता आणि कॅनचं झाकण त्यांना फिरवता येत नव्हतं. इंजिनने कॅन त्यांच्या हातातून घेतला, झाकण उघडलं आणि तो त्यांच्या तोंडाला लावला.

"पायात गोळे येतात?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"येतात."

"रंग?"

"तुझ्यासारखा नाही अजून. पण वाट तीच."

इंजिन तिथेच मातीत बसला. "मग बोलला का नाहीत?"

"तू बोलला होतास?"

एव्हाना मुकादम पोचला होता. त्याने आधी ओरडून पाहिलं. कोणी उठलं नाही आणि कोणी उलट बोललंही नाही. भांडायला समोर कोणी नसलं की ओरडणाऱ्याचा धीर सुटतो. तो स्वरात नरमाई आणून म्हणाला, "मला वरून विचारतात रे. तुम्हाला मी दिसतो, मला मालक दिसतो."

"मुकादम," इंजिन म्हणाला, "मी पडलो तेव्हा तुम्ही गाडी वेलींवरून घातलीत म्हणून मी वाचलो. ते मी विसरणार नाही. पण तुमच्या गाडीत मागे एकच माणूस झोपतो. एका दिवशी दोघं पडले तर कोणाला नेणार? दाजींना की काकूंना?"

मुकादमाने टोपी काढली, तिने वारा घेतला, पुन्हा घातली. त्याच्याही सदऱ्यावर मिठाचे पांढरे पट्टे होते. "काय पाहिजे ते सांगा," तो म्हणाला, "आणि थोडक्यात सांगा."

मागणं थोडकंच होतं. उजाडताच काम सुरू करायचं आणि भर दुपारी बंद ठेवायचं. ट्रॉली भरून गेली की रिकामी येईपर्यंत बसायचं. ट्रॉलीची ताडपत्री काढून सरीच्या कडेला बांबूंवर ताणून सावली करायची. पाण्याचा ड्रम रस्त्याकडेला नाही, ट्रॅक्टरवरच बांधायचा, म्हणजे तो रांगेबरोबर चालेल.

"चार दिवस बघू," मुकादम म्हणाला.

पहिल्या दिवशी गाड्या उशिरा सुटल्या आणि मुकादमाचं तोंड एवढंसं झालं. पुढे मात्र उशीर कमी होत गेला. दमलेल्या हातांतून जेवढी फळं फुटायची तेवढी आता फुटेनात, आणि दुपारनंतर रांग रेंगाळेना. मालक विचारायला आला तेव्हा मुकादमाने छाती पुढे काढून ही सगळी आपल्याच डोक्यातली योजना असल्याचं सांगितलं. टोळीने ऐकलं आणि मान डोलावली. फुकटचं श्रेय देऊन सावली मिळत असेल तर सौदा वाईट नव्हता.

एक गोष्ट मात्र कोणी मागितली नव्हती, ती इंजिनने आपल्या मनाने केली. दोन जुनी चाकं, लोखंडी चौकट, चारी बाजूंना गोणपाट, वर छप्पर, आत बादली आणि झाकण. हा डबा त्याने ट्रॉलीच्या मागे दोरखंडाने जोडला आणि जिथे रांग जाईल तिथे तो जायला लागला. सरी संपली की दूर एका खड्ड्यात तो रिकामा करायचं कामही त्याने स्वतःकडे घेतलं. टोळी दोन दिवस हसली. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांनी गोणपाट बाजूला करून आत डोकावून पाहिलं, कडी लागते का ते तपासलं, आणि ड्रमपाशी जाऊन सगळ्यांसमोर दोन तांबे पाणी घटाघटा प्यायल्या. तोंड पुसून म्हणाल्या, "पोरा, तुला चांगली बायको मिळेल."

हंगाम सरता सरता दाजींच्या बायकोने नर्सबाईंना शेतावरच आणलं. ताडपत्रीखाली एकेकाचं रक्त घेतलं गेलं. ट्रॉलीपाशी उभा राहणारा धिप्पाड कापणारा सुई बघून घेरी येऊन पडला, त्याचंच सगळ्यांत मोठं मनोरंजन झालं. निकाल आले ते मात्र हसण्यासारखे नव्हते. दाजींचं ठीक होतं, "अजून तरी" असं नर्सबाई दोनदा म्हणाल्या. तरण्याबांड दोन-तीन जणांचं बिघडायला लागलं होतं, आणि त्यांना कसलाच त्रास जाणवत नव्हता. काकूंची किडनी बरीच दमली होती.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "इंजिनपेक्षा बरी की वाईट?"

"साधारण तशीच, काकू."

"म्हणजे मीही सीटवर," काकू म्हणाल्या.

सगळ्यांना गंमत वाटली, पण त्या गंमत करत नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून इंजिन त्यांना ट्रॅक्टर शिकवायला लागला. गुरू तापट आणि शिष्या हट्टी. "काकू, क्लच!" "ओरडू नकोस, मी बहिरी नाही." "काकू, अहो डावीकडे!" "माझ्या डावीकडे की तुझ्या?" पण शिकल्या. मालकाने पुढच्या हंगामासाठी आणखी एक जुना ट्रॅक्टर घेतला, तो काकूंना मिळाला. त्यांच्यामागे चालायला माणसं आपसांत भांडायची, कारण त्यांनी हॉर्नला कधी हातच लावला नाही.

दाजींना त्यांची सीट परत मिळाली नाही. त्यांनी मागितलीही नाही, आणि मनातून वाईट वाटलं नाही असंही नाही. ते रांगेत राहिले. रांग कुठे थांबायची ते मात्र तेच ठरवायला लागले. कोणाचा चेहरा कसा दिसतोय, कोणाचा घाम थांबलाय, कोण उगाचच चिडचिड करतोय, याच्यावर त्यांचं लक्ष असायचं. ते हात वर करायचे आणि इंजिन थांबवायचा.

तो हंगाम संपल्यावर इंजिनची तपासणी होती. बहीण शेडमध्ये अडकली, म्हणून त्याच्याबरोबर दाजी गेले. त्याच त्या डॉक्टरांनी कागद बराच वेळ वाचला. "आहे तेवढीच आहे," त्या म्हणाल्या. "कमी झालेली नाही. फार छान."

"कधी सुधारेल?" इंजिनने विचारलं.

"सुधारणार नाही. मी तेव्हाच सांगितलं होतं. आहे तेवढी टिकली म्हणजे जिंकलात."

इंजिनने मान हलवली. दोघं बाहेर आले. गोळ्या सोडल्या होत्या, कोल्ड्रिंक सोडलं होतं, सांगितलं तेवढं सगळं पाळलं होतं. "बरा झालास" हे दोन शब्द ऐकायला मिळतील अशी आशा त्याने कुठेतरी लपवून ठेवली असणार. दाजींना ते कळत होतं. ते त्याच्या बरोबरीने चालत राहिले. रस्ता चढाचा होता आणि उन्हं अजून उतरली नव्हती.

एका बंद दुकानासमोर इंजिनची पावलं मंदावली.

"दाजी," तो म्हणाला, "जरा बसू या. दमलोय."

इतक्या वर्षांत हा शब्द दाजींनी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. पायरीवरची धूळ त्यांनी रुमालाने झटकली आणि दोघं शटरला पाठ टेकून बसले. समोरून माणसं जात-येत होती. एका सायकलवाल्याने ओळख दाखवली, इंजिनने हात केला. पुरेसं बसून झाल्यावर तो स्वतःच उठला, आणि दोघं घराकडे निघाले, हळूहळू.